'द एक्झॉर्सिस्ट' इतक्या वर्षांनी पुन्हा पाहिला. त्यातली भीती नेमकी गेली कुठे?

घाटमाथा

नमस्कार मंडळी,

विल्यम फ्रीडकिन दिग्दर्शित 'द एक्झॉर्सिस्ट' हा १९७३ सालचा चित्रपट मी पहिल्यांदा पाहिला तो महाविद्यालयात असताना, भाड्याने आणलेल्या व्हीसीआरवर. कॅसेट इतकी झिजलेली होती की रात्रीच्या प्रसंगांत पडद्यावर अंधार आणि मुंग्या यांखेरीज फारसे काही दिसत नव्हते, आणि तरीही त्यानंतर बरेच दिवस वसतिगृहाच्या मागच्या जिन्याने एकट्याने उतरायची आमच्यापैकी कुणाचीच छाती झाली नाही. नुकताच तो चित्रपट स्वच्छ केलेल्या प्रतीत पुन्हा पाहिला. शेजारी बसलेली माझी कॉलेजात शिकणारी मुलगी पलंग उडू लागल्यावर चक्क हसली, आणि मला तिचा रागही आला नाही, कारण त्या प्रसंगी मलाही काहीच वाटले नव्हते.

ज्यांनी तेव्हा झोप उडवली होती ते सगळे प्रसंग, म्हणजे हादरणारा पलंग, पूर्ण मागे फिरणारी मान, हिरवी ओकारी, गेल्या पन्नास वर्षांत इतक्या लोकांनी उचलले आणि इतक्यांनी त्यांची टिंगल केली की आता मूळच नकलेसारखे दिसू लागले आहे. शिवाय कॅसेटच्या अंधाराने जे झाकले होते ते नव्या प्रतीत उघडे पडते. फिरणारी मान बाहुलीची आहे हे आता लपत नाही. याउलट, तेव्हा आम्ही कंटाळून पुढे पळवलेले दोन भाग या वेळी जिव्हारी लागले. पहिला, सैतानाने झपाटलेल्या रीगन या मुलीच्या मेंदूची तपासणी होते तो इस्पितळातला प्रसंग, ज्यात भूत नाही, सैतान नाही, फक्त मानेत सुई शिरते आणि रक्ताची चिळकांडी उडते. दुसरा, तिच्यातला सैतान उतरवायला जाणारा पाद्री, फादर कॅरस, न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू इस्पितळाच्या मनोरुग्ण विभागात आपल्या म्हाताऱ्या आईला भेटायला जातो आणि ती त्याच्याकडून तोंड फिरवून घेते, तो. माझी आई ऐंशीच्या घरात आहे आणि गावी एकटी राहते, एवढे सांगितले म्हणजे पुढचे सांगायला नको.

तर जाणकारांना माझे विचारणे असे आहे की सैतानावर आणि परमेश्वरावर ज्याचा विश्वास नाही, आणि ज्याला त्यातल्या करामतींचीही भीती उरलेली नाही, अशा माणसासाठी या चित्रपटात भयपट म्हणून काय शिल्लक राहते? की मी म्हणतो ते प्रसंग केवळ वयोमानाने बोचतात आणि त्यात चित्रपटाचे काही कर्तृत्व नाही? जाता जाता हेही सांगावे की २००० साली आलेली वाढीव आवृत्ती मुद्दाम मिळवून पाहण्यासारखी आहे का. मी दोन्ही वेळा पाहिली ती मूळची.

जुना प्रोजेक्टर

घाटमाथा, वयामुळे बोचले हे मान्य केले तरी बोचणारी गोष्ट तिथे कुणीतरी विचारपूर्वक ठेवलेली होती, हे विसरून चालणार नाही. फ्रीडकिन मूळचे माहितीपटवाले. मृत्युदंड झालेल्या एका कैद्यावर त्यांनी १९६२ साली माहितीपट केला होता, आणि 'द फ्रेंच कनेक्शन'साठी दिग्दर्शनाचे ऑस्कर घेतले तेही पोलिसांच्या मागे कॅमेरा घेऊन धावल्यासारख्या चित्रणासाठीच. त्याच चित्रपटाचे छायाचित्रकार ओवेन रॉइझमन यांना त्यांनी इथेही घेतले. त्यामुळे हा चित्रपट भुताच्या गोष्टीसारखा सुरूच होत नाही. रीगनच्या आईचे, म्हणजे एका घटस्फोटित नटीचे घर, तिची सेक्रेटरी, स्वयंपाकघरात पडलेली वर्तमानपत्रे, माळ्यावरची खसपस. खसपस ऐकून ती नोकराला उंदीर पकडायचे सापळे लावायला सांगते, तो म्हणतो उंदीर नाहीत, आणि बराच वेळ आपल्याला मिळते ते एवढेच. दोन तासांच्या चित्रपटात सैतान उतरवण्याच्या विधीसाठी बोलावलेला म्हातारा पाद्री, फादर मेरिन, घराच्या दाराशी येऊन उभा राहतो तेव्हा शेवटचा सुमारे अर्धा तास तेवढा उरलेला असतो. आजच्या भयपटांत तोवर निम्मी पात्रे मेलेली असतात.

माझ्या मते तुमच्या कॅसेटने तुम्हाला एका बाबतीत फसवले आणि एका बाबतीत तारले. तारले ते अंधाराने, ते तुम्ही लिहिलेच आहे. फसवले ते आवाजात. या चित्रपटाला मिळालेल्या दोन ऑस्करांपैकी एक ध्वनीसाठी होते (दुसरे पटकथेसाठी, कथेचे लेखक विल्यम पीटर ब्लॅटी यांना, नामांकने दहा होती आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी नामांकन मिळालेला हा पहिला भयपट). ते ऑस्कर का मिळाले हे घरच्या टीव्हीच्या स्पीकरवर कळणे कठीण आहे. चांगले हेडफोन लावून एकदा तरी ऐकावा. फ्रीडकिन एक प्रसंग संपताना त्यातला आवाज हळूहळू विझू देत नाहीत. तो मध्येच कापतात आणि पुढच्या प्रसंगातली शांतता एकदम अंगावर येते, किंवा उलट, शांततेतून थेट भुयारी रेल्वेच्या खडखडाटात नेऊन टाकतात. संगीत जवळजवळ नाहीच. लालो शिफ्रिन यांनी रचलेले पार्श्वसंगीत दिग्दर्शकाने नाकारले, आणि ज्या माइक ओल्डफील्डच्या 'ट्यूब्युलर बेल्स'वरून जग हा चित्रपट ओळखते ते संगीत चित्रपटात मोजकेच वाजते. ठळकपणे ऐकू येते ते रीगनची आई पानगळीच्या रस्त्याने चालत घरी येते तेव्हा, आणि त्या वेळी पडद्यावर भीतिदायक असे काहीही घडत नसते.

रीगनच्या तोंडून येणारा तो घोगरा आवाज मर्सिडीज मॅककॅम्ब्रिज यांचा. त्या स्वतः ऑस्करविजेत्या, रेडिओवर गाजलेल्या अभिनेत्री. त्या आवाजासाठी त्यांनी कच्ची अंडी गिळली, सिगारेटी ओढल्या, मद्य घेतले, आणि इतके करून सुरुवातीच्या प्रतींत त्यांचे नावच नव्हते. ते भांडून मिळवावे लागले. त्या आवाजात शब्दांखाली श्वासाची एक घरघर सतत चालू असते, छातीत कफ साठलेल्या म्हाताऱ्या माणसाची असते तशी. घरात आजारी माणूस असलेल्याला ती ओळखीची वाटेल. तुम्ही आईविषयी लिहिलेत म्हणून हे मुद्दाम सांगतो.

आवृत्तीविषयी माझे मत स्पष्ट आहे: मूळची १९७३ची पाहिलीत हे उत्तम झाले. २०००च्या आवृत्तीत सुमारे दहा-अकरा मिनिटांची भर आहे. त्यात रीगन कोळ्यासारखी पाठीवर वाकून जिना उतरते तो बहुचर्चित प्रसंग आहे, डॉक्टरांकडची पहिली भेट आहे, आणि भिंतींवर, अंधारात मध्येच चमकून जाणारे काही सैतानी चेहरे नव्या तंत्राने चिकटवलेले आहेत. डॉक्टरांची भेट उपयोगाची आहे, कारण मूळ चित्रपटात औषधांचा उल्लेख एकदम येतो. ते चेहरे मात्र शुद्ध आगाऊपणा आहे. मूळच्या चित्रपटात एक पांढराफटक चेहरा क्षणभरच दिसतो, कॅरसच्या स्वप्नात. पाहिला की भास झाला हे प्रेक्षकाने ठरवायचे. तीच युक्ती घरभर पसरल्यावर तिच्यात काय राहिले?

मिरजकर डॉक्टर

प्रोजेक्टररावांनी आवाजाचा विषय काढलाच आहे, तर इस्पितळाच्या प्रसंगाबद्दल दोन शब्द लिहितो, कारण माझा व्यवसाय क्ष-किरणांचा आहे आणि तो प्रसंग आमच्या शिक्षकांच्या पिढीने प्रत्यक्ष जगलेला आहे.

१९७३ साली सी.टी. स्कॅन नुकताच जन्मला होता. लंडनजवळच्या ॲटकिन्सन मॉर्ली इस्पितळात पहिल्या रुग्णाचा मेंदू त्या यंत्राने पाहिला गेला तो ऑक्टोबर १९७१ मध्ये, आणि ते तंत्र सगळीकडे पोहोचायला पुढे बरीच वर्षे गेली. तोवर मेंदूत गाठ किंवा इजा आहे का हे पाहायचे तर मानेतल्या धमनीत थेट सुई घालून तिच्यातून रंगद्रव्य सोडायचे आणि ते मेंदूत पसरत असताना भराभर क्ष-किरण छायाचित्रे घ्यायची. चित्रपटात दाखवली आहे ती हीच तपासणी. ती न्यूयॉर्कच्या एका खऱ्या वैद्यकीय केंद्रात, तिथल्या प्रत्यक्ष कर्मचाऱ्यांना घेऊन चित्रित केली आहे, आणि ते दिसते. सुई बसवणाऱ्याचे हात नटाचे नाहीत. रीगनच्या मानेवर आधी जंतुनाशक फासले जाते, तिच्याशी हळू आवाजात बोलले जाते, "थोडेसे टोचेल" अशा धर्तीचे दिलासे दिले जातात, आणि मग रक्त उडते तरी कुणाच्या चेहऱ्यावर काही हलत नाही, कारण त्यांच्या दृष्टीने सगळे ठीक चाललेले असते. तुम्हाला भीती वाटली ती बहुधा त्या न हललेल्या चेहऱ्यांची.

त्यानंतर कानठळ्या बसवणारी जी ठोकाठोक ऐकू येते तीही चित्रपटवाल्यांनी रचलेली नव्हे. फिल्मच्या पेटीतून एकामागून एक पत्रे झपाट्याने सरकवणारे यंत्र असेच वाजत असे. पुढे रीगनच्या खोलीतले आदळआपटीचे आवाज ऐका. त्यांची लय या यंत्राशी जुळते असे मला प्रत्येक वेळी वाटते. ते मुद्दाम केले असेल किंवा नसेल, पण सैतान खोलीत येण्याआधीच त्या मुलीला बांधून, आवळून, दणके देऊन झालेले असते ते आमच्या व्यवसायाने, हे चित्रपट विसरू देत नाही.

तपासण्यांतून काहीच निघत नाही. आई चिडून अठ्ठ्याऐंशी डॉक्टरांचा हिशेब मांडते, आणि शेवटी लांबलचक टेबलाभोवती बसलेल्या तज्ज्ञांपैकीच एक जण मोठ्या संकोचाने सुचवतो की धर्मगुरूकडून विधी करून घेऊन पाहा; सैतान आहे म्हणून नव्हे, तर मुलीचाच तसा समज झाला असेल तर त्याच समजुतीने तो उतरेल म्हणून. आमच्याकडे क्रम बरोबर उलटा असतो. आधी देवऋषी, अंगारे, उतारे, एखाद्या जागृत स्थानाच्या पौर्णिमेच्या फेऱ्या, आणि सगळे थकले की मिरजेची गाडी. या उलट्या क्रमामुळेच हा चित्रपट मराठी प्रेक्षकाला थोडा वेगळा दिसतो असे मी म्हणेन. अमेरिकन प्रेक्षकाला धक्का बसला तो विज्ञान हरले याचा. आपल्याला त्यात नवल वाटत नाही, आपल्याला नवल वाटते ते अठ्ठ्याऐंशी डॉक्टर आधी झाले याचे. आणि २०१३ साली महाराष्ट्रात झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत भूत उतरवण्याच्या निमित्ताने माणसाला दोरखंडाने बांधून मारहाण करणे हा गुन्हा म्हणून लिहिलेला आहे, हे ठाऊक असलेल्या माणसाला पलंगाला बांधलेली रीगन पाहताना विधीची भव्यता जाणवत नाही, निराळेच काहीतरी आठवते.

विश्वास नसलेल्याला काय उरते, असे तुम्ही विचारलेत. मला तरी निदान न होण्याची भीती उरते. अँटी-एनएमडीए रिसेप्टर एन्सेफलायटिस नावाचा आजार २००७ साली वैद्यकाला नीट समजला. तो विशेषतः तरुण स्त्रियांमध्ये दिसतो. सुरुवातीला वागणे बदलते, भास होतात, मग झटके, विचित्र हालचाली, कधी बोलणेच बदलते. वेळेत ओळखला तर पुष्कळ रुग्ण बरे होतात. तो समजण्याआधी अशा किती मुलींना वेडी किंवा झपाटलेली ठरवले गेले असेल याचा विचार करा आणि मग ते टेबल पुन्हा पाहा. माझा रोख कथेतल्या रीगनला हा आजार होता असे म्हणण्याचा नाही; कथेत सैतान आहे आणि तो खरा आहे, लेखकाने तिथे पळवाट ठेवलेली नाही.

नीलांबरी

वरचे सगळे वाचले आणि पटलेही, पण या चित्रपटाकडे इतक्या भक्तिभावाने पाहण्याची माझी तयारी नाही. मीही तो अलीकडेच पुन्हा पाहिला, आणि मला जे खटकले ते कुणीच लिहिलेले नाही म्हणून लिहिते.

पहिली गोष्ट, आई. क्रिस मॅकनील हे एलन बर्स्टिन यांनी इतके जिवंत उभे केलेले पात्र आहे की पहिला सव्वा तास चित्रपट तिचाच असतो. मुलीच्या वाढदिवसाला तिचा बाप रोमहून फोनसुद्धा करत नाही, आणि ही ऑपरेटरवर ओरडत फोन जोडण्याचा प्रयत्न करत बसते, तो प्रसंग डॉक्टरांनी सांगितलेल्या सुईइतकाच धारदार आहे. ही बाई प्रत्येक पुरुषाला, मग तो डॉक्टर असो, पोलीस असो की पाद्री, नेमका प्रश्न विचारते. आणि मग दोन पुरुष वरच्या खोलीत शिरतात, दार लागते, आणि ती उरलेला चित्रपट खाली बसून राहते. मुलीला तर शेवटी काही आठवतच नाही. जिच्यावर हे सगळे गुदरले तिच्या वाट्याला एक वाक्यही येऊ नये आणि हौतात्म्य मात्र शेवटी जीव देणाऱ्या कॅरसच्या खात्यावर जमा व्हावे, हे मला पुन्हा पाहताना फार सोयीचे वाटले.

दुसरी गोष्ट, इराक. चित्रपट सुरू होतो अजानच्या सुरांनी, मोसुलच्या परिसरात. ते उत्खनन हत्रा या प्राचीन नगरीच्या खऱ्या अवशेषांत चित्रित केलेले आहे. छायाचित्रण म्हणून तो भाग अप्रतिमच आहे. लोहारांचे घण, कोसळणारे ऊन, चहाच्या दुकानात हृदयविकाराची गोळी तोंडात टाकताना मेरिनचे थरथरणारे हात. (मॅक्स फॉन सिडो तेव्हा पंचेचाळिशीचेही नव्हते, रंगभूषा डिक स्मिथ यांची.) पण ज्याची मूर्ती तिथे दिसते आणि जो पुढे रीगनला झपाटतो तो पाझुझू, म्हणजे मेसोपोटेमियातला (प्राचीन इराकमधला) वाऱ्यांचा राक्षस, तिथल्या लोकांना फक्त भयंकर नव्हता. लामाश्तू नावाची एक राक्षसी गर्भवती आणि तान्ही मुले यांचा घास घेते अशी समजूत होती, आणि तिला पळवून लावण्यासाठी पाझुझूच्या मुखवट्याचे ताईत बाळंतिणींच्या अंगावर बांधत. म्हणजे ज्या ताइताने आईमुलाचे रक्षण व्हायचे, तोच इथे एका आईच्या मुलीला गिळायला अमेरिकेत येतो. "अनिष्टाविरुद्ध अनिष्ट" अशा अर्थाचे एक वाक्य सुरुवातीला मेरिनच्या सहकाऱ्याच्या तोंडी आहे, म्हणजे लिहिणाऱ्याला हे ठाऊक होते. तरीही पुढे दोन तास त्याचे काहीच होत नाही. वाईट ते पूर्वेकडच्या मातीतून उकरले गेले, एवढाच अर्थ प्रेक्षकापर्यंत पोहोचतो.

आणि तिसरी गोष्ट, ज्या खरेपणाचे वर एवढे कौतुक झाले त्याची किंमत. मुलीने थोबाडीत मारल्यावर क्रिस मागे फेकली जाते तेव्हाची किंकाळी खरी आहे, कारण कमरेला बांधलेल्या तारेने बर्स्टिन यांना इतक्या जोराने ओढले की त्यांच्या पाठीला कायमची इजा झाली, आणि कॅमेरा चालूच राहिला. लिंडा ब्लेअरची पाठही त्या पलंगाच्या यंत्रणेत दुखावली. ती तेव्हा चौदा वर्षांच्या आतबाहेरची होती. खोलीचा सेट बर्फाळ थंड ठेवला होता, नटांच्या तोंडून वाफ दिसावी म्हणून, आणि ती पोर पातळ झग्यात. शेवटी मरणाऱ्या कॅरससाठी प्रार्थना म्हणणारे त्याचे मित्र फादर डायर, म्हणजे खरेखुरे जेझुइट पाद्री विल्यम ओमॅली, यांचे हात थरथरावेत म्हणून दिग्दर्शकाने त्यांच्या कानाखाली लगावून लगेच कॅमेरा सुरू केला. हे सगळे आज मोठ्या कौतुकाने पडद्यामागच्या गमती म्हणून सांगितले जाते. मला ते कळल्यापासून त्या किंकाळीवर भीती वाटत नाही, संताप येतो. घाटमाथा, भीती कुठे गेली या तुमच्या प्रश्नाला माझ्यापुरते उत्तर हे आहे.

घाटमाथा

सर्वांचे आभार. डॉक्टरसाहेब, ती ठोकाठोक मी पार्श्वध्वनी समजून चाललो होतो. काल रात्री तो भाग पुन्हा लावून ऐकला आणि तुमचे म्हणणे पटले. नीलांबरीताई, तुमचा पहिला मुद्दा मुलीला वाचून दाखवला. तिचे म्हणणे असे की क्रिसला खाली बसवून ठेवणे हेच त्या घरातले खरे वर्णन आहे, कारण आजीच्या वेळी आमच्या घरातही निर्णय घेणारे वेगळे होते आणि बाहेर बाकावर बसणाऱ्या वेगळ्या होत्या. मला त्यावर काही बोलता आले नाही. खरेपणाच्या किमतीबद्दल मात्र तुमच्याशी पूर्ण सहमत.

एक गोष्ट अजून अडते. कॅरसच्या आईचे प्रकरण मूळ कथेला खरोखर आवश्यक आहे, की ते केवळ त्या पात्राला दुःख हवे म्हणून जोडलेले आहे? मुलगी आणि सैतान यांच्या गोष्टीत तिचे काम काय?

अर्धविराम

घाटमाथा, ती नसती तर गोष्टच उभी राहिली नसती, असे मला वाटते.

कॅरस हा पाद्री आहे आणि मनोविकारतज्ज्ञही आहे. इतर पाद्र्यांच्या मनाची दुखणी ऐकणे हे त्याचे काम, आणि त्याची स्वतःची श्रद्धा तेवढ्यात उडून गेलेली. आई न्यूयॉर्कच्या एका पडक्या वस्तीत एकटी, पाय दुखावलेला, घर सोडायला तयार नाही. कॅरसचा मामा त्याला ऐकवतो की पाद्री झाला नसतास तर आज नावाजलेला डॉक्टर असतास आणि आई तुझ्या आलिशान घरात राहिली असती. त्यानंतर ती मरते ती एकटीच, आणि कुणाला कळायलाही दोनेक दिवस जातात. हे आपल्याला दाखवत नाहीत. क्रिसच्या घरी पार्टी चाललेली असताना डायर सहज बोलता बोलता सांगून जातो. इतकी मोठी गोष्ट इतक्या बाजूने कळते म्हणून ती अधिक लागते.

आता सैतानाकडे पाहा. तो कॅरसवर वार करतो तो नरकाची वर्णने करून नव्हे. तो आईच्या आवाजात, तिच्या मोडक्या इंग्रजीत विचारतो की तू माझ्याशी असे का वागलास, आणि हे वाक्य आपण त्या इस्पितळात तिच्याच तोंडून ऐकलेले असते. याहून बारीक जागा चित्रपटाच्या सुरुवातीला आहे, आणि ती पहिल्यांदा पाहताना बहुतेकांची निसटते. भुयारी स्थानकाच्या फलाटावर एक दारुडा भिकारी कॅरसला हात पसरून म्हणतो की फादर, चर्चमध्ये सेवा केलेल्या एका जुन्या पोराला मदत करा. कॅरसच्या चेहऱ्यावर किळस येते आणि तो वळतो. एवढेच. पुढे रीगनच्या खोलीत पहिल्याच भेटीत तो आवाज नेमके तेच शब्द उच्चारतो. त्या फलाटावर दुसरे कुणी नव्हते. अंगावर काटा यायचा तर तो इथे यावा, मान फिरते तिथे नव्हे, आणि यासाठी सैतानावर विश्वास असण्याची गरज नाही. आपण कुणाकडे कधी पाठ फिरवली याची नोंद कुठेतरी होत असते, ही धास्ती नास्तिकालाही चुकत नाही.

म्हणून शेवट. मेरिनचे हृदय बंद पडते आणि कॅरस एकटा उरतो, त्या मुलीला धरून गदागदा हलवतो, मला घे म्हणून ओरडतो आणि खिडकीतून उडी घेतो. वॉशिंग्टनच्या जॉर्जटाऊनमधल्या त्या पंचाहत्तर पायऱ्या अजून आहेत, लोक फोटो काढायला जातात. (घर पायऱ्यांपासून दूर होते, म्हणून चित्रीकरणासाठी खिडकीची ती बाजू खोटी उभारावी लागली.) ब्लॅटींना एक तक्रार आयुष्यभर होती की बऱ्याच प्रेक्षकांनी याचा अर्थ सैतान जिंकला असा घेतला. त्यांनी १९४९ साली, स्वतः जॉर्जटाऊन विद्यापीठात शिकत असताना, एका मुलावर झालेल्या अशा विधीची बातमी वाचली होती आणि तिच्यात त्यांना श्रद्धेचा पुरावा दिसला होता. भयकथा लिहिण्याचा त्यांचा हेतूच नव्हता. फ्रीडकिन यांनी मात्र विधीच्या मधल्या विश्रांतीत जिन्यावर बसलेल्या दोन पाद्र्यांचा संवाद कापला. त्यात कॅरस विचारतो की हीच मुलगी का, आणि मेरिन सांगतो की आपण निराश व्हावे, स्वतःला पशुवत आणि कुरूप समजावे, असल्या आपल्यावर देव प्रेम करूच शकणार नाही असे आपल्याला वाटावे, यासाठी. २०००च्या आवृत्तीत हा संवाद परत आला, आणि शेवटी डायर आणि पोलीस अधिकारी किंडरमन यांची थोडी हलकी भेटही.

इथे माझे प्रोजेक्टररावांशी थोडे वेगळे मत आहे. चिकटवलेल्या चेहऱ्यांबद्दल ते म्हणतात ते खरे. पण तो जिन्यावरचा संवाद तुम्ही जरूर पाहावा, कारण तुमच्या प्रश्नाचे उत्तर ब्लॅटींनी तिथे स्वतः दिलेले आहे. सैतानाचा निशाणा मुलगी नाहीच. तिच्या खाटेभोवती उभे राहून तिचे हाल पाहणारे आणि काही करू न शकणारे लोक हा त्याचा निशाणा आहे. इस्पितळ, बाकावरची आई, बेलव्ह्यूमधली म्हातारी, हे सगळे त्या एका वाक्याने एका ओळीत येते. नीलांबरी यांचा आक्षेप त्याने मिटत नाही, उलट बळकटच होतो, कारण रीगन त्या संवादातही केवळ निमित्त आहे.

आणखी पाहायची इच्छा असेल तर १९७७चा दुसरा भाग सोडून द्या आणि थेट १९९०चा तिसरा पाहा. तो ब्लॅटींनी स्वतःच्याच कादंबरीवरून स्वतः दिग्दर्शित केला आहे. किंडरमन आणि डायर यांची मैत्री त्यात मध्यवर्ती आहे, नट वेगळे आहेत. त्यातला सगळ्यात नावाजलेला प्रसंग एका इस्पितळाच्या रात्रीच्या रिकाम्या बोळात, कॅमेरा दूर एका जागी ठेवून, बराच वेळ काहीही न घडवता घेतलेला आहे. डॉक्टरसाहेबांनी तो पाहिला असेल तर त्यांचे मत वाचायला आवडेल. आणि प्रोजेक्टरराव, तोही हेडफोनवरच पाहायचा ना?